साडेपाचचा फोन

मी ऑफिसातून घरी आले तेव्हा आई दारात उभी होती. एक हात वॉकरवर, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या आणि तांब्याच्या तोंडावर भाकरीचा तुकडा.

खुब्याच्या ऑपरेशनपासून ती पलंगावरून खुर्चीत यायलासुद्धा माणूस मागायची. इथं तर उंबऱ्यापर्यंत एकटी चालत आली होती.

"आई, पडशील! आत चल. स्नेहल कुठाय?"

"तू बाजूला सर आधी. वाट अडवू नगंस." तिनं माझ्या खांद्यावरून फाटकाकडं बघितलं. "शालन यायलीया."

शालन म्हणजे माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणायची. आक्काला जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षं होत आली होती.

लेक बऱ्याच दिवसांनी माहेरी आली की आमच्याकडं तिला उंबऱ्याबाहेरच थांबवतात. तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात आणि मगच घरात घेतात. वाटेत लागलेली दृष्ट वाटेवरच राहावी म्हणून. आईनं ती सगळी तयारी केली होती. भाकरी सकाळचीच होती, मी थापलेली.

याला आता तेरा वर्षं झाली. अजून कुणाच्या दारात तांब्या दिसला की मी क्षणभर फाटकाकडं बघते.

घर आमचं सांगलीत. आमचे हे बँकेत, त्यांची बदली कराडला, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. मी टेलिफोन खात्यात. मुलगी स्नेहल बारावी सायन्सला. आणि वडील गेल्यावर तासगावचं घर बंद करून आणलेली माझी आई. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही अशा वळणाची ती बाई, पण तिला मुलगा नव्हता. मुली दोन, त्यातली एक उरलेली. जाणार कुठं? आली, आणि पहिलं वर्षभर रोज एकदा तरी ऐकवायची, "जावयाच्या जिवावर जगतीया मी." तिला भिऊनच ह्यांनी कराडची बदली मागून घेतली, असं मी चेष्टेनं म्हणायची.

जूनमध्ये ती न्हाणीघरात पडली. ऑपरेशन झालं, भुलीतून जागी झाली, आणि हळूहळू आमच्या लक्षात आलं की तिच्या डोक्यातून एक गोष्ट निघून गेलीय. बाकी सगळं जागच्या जागी होतं. कुणाच्या लग्नात कोण कशावरून रुसलं, कुणाच्या म्हशीनं कुणाला शिंग मारलं, सगळं. फक्त शालन गेली, एवढंच तिला आठवत नव्हतं.

"शालन आली न्हाई ती बघायला?" तिनं दवाखान्यातच विचारलं.

मी खरं सांगितलं. खरं सांगावं अशीच मला शिकवण, तीही तिचीच. आई ऐकून अशी रडली की शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तशीच रडली, तिच्यासाठी पोर आत्ताच गेली होती. तिसऱ्यांदा तिनं भिंतीवर कपाळ आपटून घेतलं, तेव्हा मी ठरवलं, आता नाही सांगायचं. मी म्हणू लागले, आक्का कामात आहे, शेतात माणसं लागलीत, जमलं की येईल. आई गप्प बसायची, पण जेवायची नाही. गोळी तोंडात धरून नंतर उशीखाली थुंकायची.

आणि मग तो फोन झाला. तो कुणी ठरवून केला नव्हता. स्नेहलला क्लासहून यायला उशीर होणार होता म्हणून तिनं मोबाईलवरून घरच्या फोनला लावला. फोन आईच्या पलंगाशीच असायचा. आईनं उचलला, पोरीचा "हॅलो" ऐकला आणि म्हणाली, "शालन?"

स्नेहलचा आवाज आक्कासारखा आहे, हे ती बोलायला लागली तेव्हापासून सगळे नातेवाईक सांगायचे. पोर मायाळू. तिला "नाही" म्हणवलं नाही. ती म्हणाली, "हो."

त्या दिवशी आई दोन भाकऱ्या जेवली. स्वतःहून अंघोळीला उठली. मला म्हणाली, "शालनचा फोन आलाता. बरी हाय."

मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. मला सोय झाली. मीच स्नेहलला म्हटलं, रोज पाच मिनिटं कर की, आजीला बरं वाटतं. साडेपाचला मी घरी येऊन चहा टाकायची, स्नेहल मोबाईल घेऊन वरच्या खोलीत जायची, आणि खाली आईच्या उशाशी फोन वाजायचा. सात महिने एक दिवस खाडा नाही. ह्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "तुम्हा बायकांचं हे काय चाललंय?" मी म्हटलं, तुम्ही आठवडाभर राहून दाखवा, मग बोला.

त्या दोघी काय बोलतात हे मी कधी ऐकलं नाही. आमच्या झोपायच्या खोलीत त्याच लाईनवर दुसरा फोन होता, नुसता उचलला असता तरी ऐकू आलं असतं. पण मी सव्वीस वर्षांपूर्वी ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले होते. तिथं पहिल्या दिवशी आम्हाला एकच गोष्ट शिकवली होती. लाईन जोडायची, पलीकडून आवाज आला की कान काढून घ्यायचा. लोकांची मरणं, भांडणं, लग्नं माझ्या हातातून गेली, मी कधी ऐकली नाहीत. त्याचा मला मोठा अभिमान. घरातही मी तेच केलं. लाईन जोडून दिली आणि कान काढून घेतला.

पोर माझ्या हातातून निसटत होती आणि मी डब्याला भाजी कुठली द्यायची याची काळजी करत होते. ती वाळली. चाचणीत मार्क घसरले. बोलता बोलता "न्हाई", "हुतं" म्हणायला लागली, आणि मी हसून म्हणायची, आजीची गुणाची नात. दोनतीनदा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, तुला एक सांगायचंय." कुकरची शिट्टी व्हायची, आत आई हाक मारायची. मी म्हणायची, "परीक्षा होऊ दे बाळ, मग निवांत बोलू."

तर अशा त्या जानेवारीतल्या दुपारी आई दारात उभी होती.

"फोन आलाता का शालनचा?" मी विचारलं.

"मगाशीच केला तिनं. मी म्हनलं, आजच्या आज ये. दारात हुबी ऱ्हाते तुझ्यासाठी. तर म्हनली, येते."

फोन साडेपाचला व्हायचा, आणि त्या दिवशी मी लवकर सुटून आले होते, अजून साडेचारही वाजले नव्हते. मी स्नेहलला हाक मारली. खोलीत नव्हती. स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं होतं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली, म्हणून मी वळले.

फाटकात आक्का उभी होती.

अंगावर हिरवी इरकल, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. पदर दातात धरायची तिची सवय होती, तशीच धरला होता. मी दाराची चौकट धरली. मला माहीत होतं की इरकल माझी आहे, कपाटातल्या खालच्या कप्प्यातली. पिशवी माझी आहे, भाजीची. तरी एवढ्या लखलखीत उन्हात, माझ्या स्वतःच्या दारात, मला माझी मेलेली बहीण चालत येताना दिसली आणि मी तिच्या वाटेतून बाजूला झाले.

ती पायरीशी थांबली. खाली मान घालून. आईनं वॉकर सोडला. मी तिला मागून धरलं, पण माझ्या हाताची तिला गरजच नव्हती. आईनं तिच्या तोंडावरून भाकरतुकडा तीनदा ओवाळला आणि दोन बाजूंना टाकला. तांब्यातलं पाणी पायांवर घातलं. ओली बोटं तिच्या डोळ्यांना लावली.

"ये," आई म्हणाली. "ये माजी बाय. घरात ये."

स्नेहल उंबरा ओलांडून आत आली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. चोरी सापडलेल्या माणसाची ती नजर नव्हती. खूप लांबून चालून आलेल्या माणसाची होती.

आई तिला धरून पलंगावर बसली, आणि एकदम तिला काहीतरी आठवलं. आमच्या हॉलमधूनच वर जिना जातो. आईनं त्या जिन्याकडं तोंड केलं आणि मोठ्यानं हाक मारली.

"जयू! ए जयू! ती पुस्तकं ठेव बाजूला. खाली ये. आक्का आलीया बघ!"

मी जयमाला. आई मला जयू म्हणायची. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते, ऑफिसची पर्स खांद्याला तशीच. "आई, मी इथंच आहे," मी म्हटलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि पुन्हा जिन्याकडं हाक मारली, "अगं ये की! किती वेळ ती बिचारी हुबी ऱ्हाईल?"

तिला शेहेचाळीस वर्षांची बाई नको होती. तिला माडीवर अभ्यास करणारी पोरगी हवी होती.

"वर जा ना," स्नेहल अगदी हळू म्हणाली. "वर जाऊन खाली ये."

मी पर्स ठेवली. जिना चढून वर गेले, वळले आणि खाली उतरायला लागले. त्या दहाबारा पायऱ्या उतरताना माझे पाय लटपटत होते, ते का, हे त्या दोघींपैकी कुणाला माहीत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"आली बघ," आई म्हणाली. "पाया पड आक्काच्या."

मी माझ्या मुलीच्या पाया पडले. पाय ओले होते आणि गार पडले होते. पाया पडलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो. स्नेहल दगडासारखी बसून राहिली.

आईनं मग तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. दुसऱ्या हातानं मोडलेला लाडू तिला भरवत राहिली. "आता न्हाई लावायची तुला माघारी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "कायबी होऊ दे. आता न्हाई लावायची." एक तासानं तिला झोप लागली. मी तिची बोटं एक एक करून सोडवली. स्नेहलच्या मनगटावर लाल वळ उठले होते.

स्वयंपाकघरात येऊन ती फरशीवरच बसली. डोक्यावरचा पदर काढायलाही विसरली.

"हे काय केलंस तू?" मी विचारलं. रागावून नाही, माझ्यात राग उरलाच नव्हता.

"आजी रोज तेच म्हणते, आई. रोज. माफ कर म्हणते. ये म्हणते. मला वाटलं, एकदा आले, तिनं घरात घेतलं, की संपेल सगळं. मग मला अभ्यास करता येईल."

"कशाची माफी?"

तिनं सांगितलं. सात महिने तिनं एकटीनं वागवलेलं सगळं तिनं पाच मिनिटांत सांगून टाकलं. आक्का सासरी गेल्यावर तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, एका दुपारी पिशवी घेऊन तासगावला आली होती. सासरचे मारतात, मी आता परत जाणार नाही, म्हणाली होती. आईनं तिला दारातूनच परत पाठवलं. आत घेतलं नाही, पाणीही दिलं नाही. कारण वर माडीवर धाकट्या बहिणीचा बारावीचा अभ्यास चालला होता. तीन आठवड्यांवर परीक्षा. "ह्या तोंडावर घरात रडारड नगं. परीक्षा हुंदे, मग बघू," असं आई म्हणाली होती. आक्का एसटी स्टँडवर तासभर बसून राहिली आणि शेवटच्या गाडीनं परत गेली. दहाव्या दिवशी ती सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं त्यांनी सांगितलं.

"मला रात्रंदिवस आजीच ऐकू येते," स्नेहल म्हणाली. "पुस्तक उघडलं की ऐकू येते. परवा केमिस्ट्रीच्या वहीवर मी नावाच्या जागी शालन लिहिलं. खोडून पुन्हा लिहायला गेले, तर मला पटकन माझं नाव आठवेना. आई, मला भीती वाटते."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या अंगाला इरकलीतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. कसली परीक्षा आणि कसले मार्क, मला तेव्हा फक्त एवढंच हवं होतं की ही माझी पोर माझ्याजवळ परत यावी.

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तुझ्यामुळं झालं असं वाटलं असतं तुला." तिनं मान वर केली. "तुला माहीत नव्हतं ना, आई? मावशी आली होती ते?"

"नाही," मी म्हटलं. "मला कुणीच सांगितलं नव्हतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं नजर खाली घेतली. "बरं," म्हणाली.

मला माहीत होतं. कुणी सांगायची गरजच नव्हती. त्या दुपारी मी माडीवर होते आणि आक्काचा आवाज मला पहिल्या शब्दाला ओळखू आला होता. मी उठले. चार पायऱ्या उतरले. तिथून दार दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आक्का रडत होती. मी मनात म्हटलं, आता खाली गेले तर संध्याकाळ गेली. उद्या भेटू, राहीलच की ती चार दिवस. आणि मी उभ्याची उभी राहिले. मग दार लागल्याचा आवाज आला, आणि मी चोरासारखी वर जाऊन पुस्तक उघडून बसले. जेवताना आई काही बोलली नाही, मी काही विचारलं नाही. दहाव्या दिवशी निरोप आला तेव्हाही नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी हे दाबून ठेवलं होतं, आणि माझी समजूत अशी की आईला वाटतंय, जयूला यातलं काही ठाऊक नाही. तिला तेवढं तरी समाधान असू दे, असंही मी स्वतःला सांगायची. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो.

"साडी सोड आणि मोबाईल माझ्याकडं दे," मी स्नेहलला म्हटलं. "उद्यापासून फोन मी करणार."

"तुझा आवाज ओळखेल ती."

"नाही ओळखणार. ऑपरेटरला दोन आवाज असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली आणि ह्यांना फोन करून सांगितलं, कराडला खोलीत एक खाट वाढवा, पोर परीक्षेपर्यंत तुमच्याकडं राहील. ते काहीतरी विचारू लागले, पण माझा आवाज ऐकून थांबले. दुपारच्या गाडीनं मी तिला बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, "आजीला काय सांगशील?" मी म्हटलं, "स्नेहल अभ्यासाला गेली म्हणून." गाडी हलली तेव्हा तिच्या अंगावर तिचा नेहमीचा पंजाबी ड्रेस होता, आणि मी स्टँडवर उभी राहून मोकळेपणानं रडले. तिचे पेपर पार पडले. मार्क बेताचे मिळाले, पण पोर सावरली. आज पुण्यात आहे, नोकरी करते, मला रोज फोन करते आणि दर वेळी आधी आपलं नाव सांगते. मी काही म्हणत नाही.

आईचा फोन मात्र थांबवता आला नाही. पुढं वर्षभर, ती जाईपर्यंत, तो मी केला. बाकीचे फोन आता एकात एक मिसळून गेलेत. पहिला तेवढा शब्दन्‌शब्द आठवतो.

साडेपाचला मी वरच्या खोलीत गेले. दार लावलं आणि मोबाईलवरून घरचा नंबर लावला. खाली घंटी वाजली, ती मला दोन्हीकडून ऐकू आली.

"हॅलो," आई म्हणाली.

"मी. शालन."

मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"आवाज बसलाय गं तुझा," ती म्हणाली.

"सर्दी झालीया, आई."

"काल आलीस, लई बरं वाटलं. कधी गेलीस ते कळलंबी न्हाई मला. डोळा लागला." मग तिचा आवाज खाली आला. "शालन, एक इचारू? काल जयू तुझ्या पाया पडली. तू तिच्या डोक्यावर हात ठेवला न्हाईस."

मी खिडकी लावून घेतली.

"तिच्यावर राग धरू नगंस. मला ठावं हाय तुझ्या मनात काय हाय. ती त्या दिवशी जिन्यात हुबी हुती. तुला दारातनं दिसली नसंल, मला दिसत हुती. तिचं पाय दिसत हुतं, वरनं चौथ्या पायरीवर. म्हणून तर मी घाई केली. ती खाली आली असती तर तिनं तुला जाऊ दिलं नसतं. गळ्यातच पडली असती तुझ्या. म्हणून मी दार लावलं. चूक माझी हाय, बाळ. तिची न्हाई. मी तिला कधी बोलले न्हाई, तूबी बोलू नगंस. जन्मभर कुढंल ती."

मी भिंतीला पाठ टेकून खाली बसले. म्हणजे आईला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. मी तिला जपत होते आणि ती मला. आणि हे तिनं रोज फोनवर सांगितलं असणार, रोज साडेपाचला, माझ्या पोरीला. स्नेहलला ठाऊक होतं. मी तिच्या तोंडावर खोटं बोलले आणि ती "बरं" म्हणाली.

"हॅलो? शालन? हाईस का?"

"हाय."

"मग म्हण की. जयूला माफ केलं म्हण एकदा. मला ऐकू दे."

सोपं होतं. दोन शब्द. माझ्याच तोंडानं बोलायचे, माझ्याचबद्दल. आक्काच्या नावानं मी हवं ते म्हणू शकत होते, अडवणारं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं, पण ते दोन शब्द काही बाहेर पडेनात. ते माझे नव्हतेच. जिचे होते ती केव्हाच शेवटच्या गाडीनं गेली होती.

मग आक्कानंच विचारलं असतं असं काहीतरी माझ्या तोंडून गेलं.

"आई, जयूची परीक्षा कशी गेली?"

खालच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. मग आईचा आवाज आला, उजळलेला, घाईघाईचा, पोरीचं कौतुक सांगणाऱ्या कुठल्याही आईचा.

"अगं, लई चांगली गेली. पहिल्या वर्गात पास झाली बघ. समद्या तासगावात नाव झालं. तू उगंच न्हाई गेलीस माघारी."

त्या वर्षी मी परीक्षेला बसलेच नव्हते. आक्काचा दहावा आणि माझा पहिला पेपर एकाच दिवशी आला होता.